फिंतासला घंटा वाजत नाही

काशिनाथच्या रक्ताचा रिपोर्ट दुपारीच आला होता, एवढं सगळ्यांना मान्य होतं. प्रभा सिस्टरने तो संध्याकाळी पाहिला, हेही सगळ्यांना मान्य होतं. मधले तास कुठे गेले, यावरून मात्र कुवेतमधल्या अहमदीच्या त्या खाजगी इस्पितळात दोन तट पडले होते.

मुख्य इस्पितळ अहमदीला, आणि त्याचे दोन दवाखाने, एक फिंतासला समुद्राच्या बाजूला, दुसरा रुमैथियाला. रक्त दवाखान्यात काढायचं, गाडीने अहमदीच्या लॅबमध्ये पाठवायचं आणि रिपोर्ट ई-मेलने परत यायचा, अशी २००५ सालच्या हिवाळ्यापासूनची पद्धत. रिपोर्ट आला की कॉम्प्युटरवर घंटा वाजे, पडद्याच्या कोपऱ्यात पाकिटाचं चित्र उमटे, आणि सिस्टर हातातलं काम ठेवून बघायला येई. निदान तसं ठरलं होतं.

काशिनाथ देवगडकडचा. एसीचे पत्र्याचे डक्ट बसवणारा, कंत्राटावर आलेला, महबूलाला बॅचलर लोकांच्या खोलीत राहणारा. त्याच्या मूत्रपिंडाचं दुखणं जुनं होतं. त्या दिवशी त्याच्या रक्तात पोटॅशियम इतकं वाढलेलं निघालं की हृदय बंद पडायला वेळ लागला नसता. फिंतासच्या दवाखान्यात प्रभा सिस्टर दिवसभर ड्रेसिंग आणि इंजेक्शनांत होती. संध्याकाळी दुसऱ्याच कुठल्या कामासाठी तिने माऊसला हात लावला आणि लाल खुणेचा तो रिपोर्ट टपकन समोर आला. तिने तसाच फोन उचलून काशिनाथच्या फोरमनला गाठलं. काशिनाथ एका अर्धवट इमारतीच्या जिन्यात बसला होता. पाय उचलत नाहीत म्हणत होता. फोरमनने त्याला पिकअपमध्ये घातलं आणि थेट अहमदीला आणलं. माणूस वाचला. पण उशीर झाला तो झालाच, आणि वैद्यकीय संचालिका डॉ. असमा यांनी प्रभा सिस्टरला लेखी ताकीद दिली. तिची ही दुसरी. पहिली वर्षापूर्वी रजेवरून उशिरा परतल्याची होती. दोन ताकिदींनंतर कंत्राट पुढे चालू राहत नसे, आणि कंत्राट गेलं की इकामाही, म्हणजे देशात राहायचा परवानाही, गेला.

विशाखा इस्पितळाची मेल सांभाळायची. चिंचवडची मुलगी, लग्नानंतर कुवेतला आली आणि नवऱ्याच्या व्हिसावर नुसतं घरी बसणं दोन महिन्यांत असह्य झालं म्हणून इथे लागली. चौकशी सुरू झाली तेव्हा तिला फक्त एक प्रश्न विचारला गेला: तो रिपोर्ट सर्व्हरवर वेळेत पोचला होता का? तिने नोंदी पाहिल्या आणि उत्तर दिलं, ‘मेल वेळेवर पोचली.’ खरं तेच लिहिलं. दोन दिवसांनी कळलं की त्याच एका ओळीवर प्रभा सिस्टरची ताकीद उभी आहे.

प्रभा सिस्टर अंबाजोगाईची, विशाखापेक्षा पंधरा-एक वर्षांनी मोठी. महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवात ओळख झालेली. तिने फोन केला तेव्हा आवाजात राग नव्हता, हेच विशाखाला जास्त लागलं.

“मेल वेळेवर पोचली म्हणून तू लिहिलंस म्हणं.”

“हो, प्रभाताई. पोचली होती.”

“पोचली असंल गं. मी कुठं नाही म्हणायले? पण पोचली हे मला कुणी सांगितलं? घंटा वाजली नाही. दिवसभर कान तिकडंच लावून बसले होते मी.”

“आवाज बंद केला होता का कुणी?”

“आवाज चालूय. कधी वाजती, कधी नाही, असंबी नाही. वाजतच नाही आताशा. मला वाटलं, दिवसभर रिपोर्टच नाही आले.”

विशाखाने फोन ठेवला आणि थेट इद्रीसच्या खोलीत गेली. इद्रीस त्यांच्या विभागाचा प्रमुख. खार्तूमचा, मृदू बोलणारा, सहसा कुणाच्या वाटेला न जाणारा. त्याला म्हणाली, “मला फिंतासला जायचंय. त्यांची घंटा वाजत नाही.”

“माणसं असंच म्हणतात,” इद्रीस म्हणाला. “मेल पाहिली नाही की घंटा वाजली नाही म्हणतात. तुमचं उत्तर दिलंत ना? बरोबर दिलंत. आता मिटवा.”

“बरोबर दिलं, पण अर्धंच दिलं.”

“शनिवारी डॉ. असमांकडे बैठक आहे. त्यात ताकीद कायम होईल आणि विषय संपेल. मध्ये पडून आपल्या खात्यावर काय ओढवून घेता?”

दुपारी विशाखा फिंतासला जाणाऱ्या सँपलच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली.

दवाखान्यात तिने आधी सगळ्या साध्या गोष्टी तपासल्या. स्पीकर चालू. मेलच्या प्रोग्रामात घंटेची खूण लावलेली. मग तिने तिथूनच अहमदीच्या एका सहकाऱ्याला फोन करून प्रभा सिस्टरला मेल पाठवायला सांगितलं आणि दोघी पडद्यासमोर नुसत्या बसल्या. बाहेर पेशंट खोकत होते, कंपाउंडर हाका मारत होता. पडदा गप्प. चहा आला, पिऊन झाला, तरी गप्पच. शेवटी विशाखाने माऊसने शेजारच्या एका फोल्डरवर टिचकी मारली, आणि मेल समोर आली. वर लिहिलेली वेळ जुनी होती. म्हणजे मेल केव्हाची येऊन दारात उभी होती. हाक तेवढी कुणी मारली नव्हती.

प्रभा सिस्टर तोंडावर हात ठेवून बघत राहिली. “बघ. मी काही खोटं बोलत नव्हते.”

“नव्हताच. पण एवढ्याने ते ऐकायचे नाहीत, ताई. हा कॉम्प्युटरच बिघडलाय म्हणतील. का वाजत नाही ते मला शोधायलाच हवं.”

तिने तिथूनच रुमैथियाला फोन लावला. तिथल्या सिस्टरने अगदी सहज सांगितलं, “घंटा? ती तर कधीची बंद आहे. आम्ही येता-जाता एक बटण दाबतो, मग मेल दिसते.” विशाखाने कपाळाला हात लावला. दोन्ही दवाखाने मुके झाले होते. एकाने आपली युक्ती काढली आणि कुणाला कळवलंच नाही, दुसऱ्याने विश्वास ठेवला आणि ताकीद ओढवून घेतली.

अहमदीला मात्र घंटा ठणठणीत वाजत होती. तिच्या स्वतःच्या टेबलावर दिवसभर वाजायची. म्हणून तर तिला कधी संशय आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सर्व्हरच्या खोलीत जाऊन बसली. इस्पितळाची मेल एका नव्हे, दोन यंत्रांवर होती. एक काम करी, दुसरं तयार उभं असे. पहिलं बंद पडलं तर दुसऱ्याने क्षणात त्याची जागा घ्यायची. बाहेरच्यांना मात्र दोन्ही मिळून एकच नाव, एकच पत्ता दिसे. हा जोडसर्व्हर विशाखानेच हिवाळ्यात उभा केला होता, आणि त्याचा तिला अभिमान होता.

घंटेची रीत तिला पुस्तकी माहीत होती: नवी मेल आली की सर्व्हर त्या माणसाच्या कॉम्प्युटरकडे एक इवलासा संदेश फेकतो, की ऊठ, काहीतरी आलंय. त्या संदेशाची पोच कुणी मागत नाही. पोचला तर घंटा वाजली, नाही पोचला तर सर्व्हरला त्याची ना खंत ना खबर. म्हणूनच त्याच्या नोंदीत सारं आलबेल दिसत होतं.

तिने सर्व्हरवर जाणारा-येणारा प्रत्येक संदेश टिपणारा प्रोग्राम लावला आणि प्रभा सिस्टरला मेल पाठवली. इवलासा संदेश निघाला. तिने डोळ्यांनी पाहिला. मग तोच प्रोग्राम तिने फोनवरून सांगत सांगत फिंतासच्या कॉम्प्युटरवर लावला. पुन्हा मेल पाठवली. तिथे काहीही आलं नाही. पुन्हा पाठवली. पुन्हा नाही.

म्हणजे घरातून निघालेला निरोप वाटेत मारला जात होता. आणि वाटेत फक्त मुस्तफा होता.

मुस्तफा नेटवर्क सांभाळायचा. अलेक्झांड्रियाचा, भारदस्त मिशांचा, आणि आपल्या मुलीविषयी जितका, तितकाच आपल्या फायरवॉलविषयीही हळवा. दोन महिन्यांपूर्वी एका व्हायरसने दवाखान्यांतले कॉम्प्युटर आजारी पाडले, तेव्हा त्याने अहमदी आणि दवाखान्यांच्या मधे ही फायरवॉल बसवली होती. ठरलेल्या पत्त्यांखेरीज कुणाला आत-बाहेर सोडत नसे.

“मेलला मी पूर्ण रस्ता दिलाय,” तो म्हणाला. “मेलचा पत्ता इद्रीसने सांगितला तोच उघडलाय. नसता उघडला तर मेल गेलीच नसती.”

“खरंय. पण अडवलेल्यांमध्ये एकदा बघाल का?”

त्याने मेल सर्व्हरचा पत्ता टाकून शोधलं. एकही संदेश अडवलेला नव्हता. पडदा तिच्याकडे वळवून तो म्हणाला, “हे घ्या. माझी बाजू स्वच्छ आहे.”

विशाखा जागेवर परतली. सर्व्हर म्हणतो, पाठवलं. मुस्तफा म्हणतो, अडवलं नाही. फिंतास म्हणतं, आलं नाही. तिघांपैकी कुणी खोटं बोलत नाही, आणि घंटा तर वाजत नाही. त्या दिवशी बुधवार होता. गुरुवार-शुक्रवार सुट्टी, आणि शनिवारी बैठक. इद्रीस दारातून डोकावून म्हणाला, “सोडा आता. नवीन कॉम्प्युटर पाठवू फिंतासला.”

“नवीन पाठवला तरी मुकाच राहील,” ती म्हणाली.

तिने सकाळी टिपलेले संदेश पुन्हा उघडले आणि या वेळी नुसतं ‘निघाला’ एवढं न बघता ओळ न् ओळ वाचली. आणि ती थांबली. संदेश कुठे चाललाय ते बरोबर होतं. पण कुठून निघालाय? ‘मेल’ या सामायिक पत्त्यावरून नाही. त्या दिवशी जे यंत्र काम करत होतं, त्या यंत्राच्या स्वतःच्या पत्त्यावरून. मेल देताना-घेताना दोन्ही यंत्रं एकाच नावाने वावरत. हाक मारताना मात्र ज्याने त्याने आपल्याच नावाने मारली होती.

ती जवळजवळ धावतच मुस्तफाकडे गेली. “माझ्या सर्व्हरचं नाव टाकून शोधू नका. प्रभा सिस्टरच्या दाराशी कोण कोण आलं होतं, ते शोधा.”

“म्हणजे?”

“कुणी पाठवलं ते नाही, कुणाकडे निघालं होतं ते.”

मुस्तफाने खांदे उडवले, प्रभा सिस्टरच्या कॉम्प्युटरचा पत्ता टाकला आणि बटण दाबलं. पडदा भरून गेला. खाली सरकवलं तरी संपेना. सगळे एकाच अनोळखी पत्त्यावरून आलेले, सगळे परत पाठवलेले. मुस्तफाचे हात मिशीवर गेले.

“हा कोण?” तो म्हणाला. “या पत्त्याचं मला कुणी सांगितलं नव्हतं.”

“हा आमचाच आहे, मुस्तफाभाई. घरचाच.”

“या अल्ला.” तो काशिनाथच्या दिवसापर्यंत मागे गेला. दुपारची ओळ तिथेच होती. रिपोर्ट पोचताच सर्व्हरने हाक मारली होती, आणि फायरवॉलने आपलं काम चोख बजावून ती दारातून हाकलली होती. मुस्तफाने त्या ओळीवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाला, “त्या माणसाला काही झालं असतं तर?”

त्याने लगेच त्या पत्त्याला वाट करून द्यायला हात घातला. विशाखाने अडवलं. “नुसता हा नाही. दुसऱ्या यंत्राचाही. आज हे काम करतंय, उद्या ते करेल. नाहीतर घंटा एके दिवशी पुन्हा जाईल आणि पुन्हा कुणाला कळणार नाही.”

दोन्ही पत्ते उघडले. विशाखाने फिंतासला मेल पाठवली आणि फोन कानाला लावून उभी राहिली. पलीकडून आधी घंटा ऐकू आली आणि मग प्रभा सिस्टरचं “अगं बाई!”

पण विशाखाचं तेवढ्याने समाधान होणार नव्हतं. दुसऱ्या यंत्रावर काम वळवून तपासायचं होतं, आणि चालत्या सर्व्हरला इद्रीस हात लावू देत नसे. तो खरोखरच चिडला. “सुरळीत झालंय ना? कशाला खाजवून खरूज काढता?”

“दुसऱ्या यंत्रावर मी पाहिलेलं नाही. न पाहता ‘वाजते’ म्हणून सही करणार नाही. मागच्या वेळी फिंतासचा पडदा न पाहता लिहिलं, त्याचं काय झालं ते समोर आहे.”

इद्रीसने घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाला, “दुपारची जोहरची अजान होऊन गेली की करा. तेव्हा गर्दी कमी असते.” त्याने स्वतःच दोन्ही दवाखान्यांना फोन करून मेल थोडा वेळ थबकेल म्हणून सांगितलं. काम वळलं, फिंतासची घंटा वाजली, रुमैथियाची वाजली. रुमैथियाची सिस्टर दचकून म्हणाली की हा कसला आवाज?

काम आटोपल्यावर इद्रीसने दार लोटून घेतलं आणि खाली बसला. “आता ऐका. काम झालं, उत्तम. बैठकीत हे कशाला? मुस्तफाला पत्ता मी सांगितला होता. एकच सांगितला, कारण मला एकच माहीत होता. नवीन कंत्राटं पुढच्या महिन्यात ठरायची आहेत, माझं, तुमचं, त्याचं. गुपचूप दुरुस्त झालेल्या गोष्टीची कुणी वाच्यता करत नाही.”

“आणि प्रभाताई?”

“तिच्यासाठी मी डॉ. असमांकडे शब्द टाकतो.”

“शब्द टाकून ताकीद सौम्य होईल. पुसली जाणार नाही,” विशाखा म्हणाली. “तिने चूक केलेलीच नाही. तुम्हाला एकच पत्ता माहीत होता, मला तिन्ही माहीत होते, सामायिक आणि दोन्ही यंत्रांचे. यंत्रं मी उभी केली. फायरवॉल बसली तेव्हा मी विचारायला हवं होतं. बैठकीत माझं नाव घ्या, मी बसलेलीच असेन तिथे.”

इद्रीस उठून गेला.

शनिवारी डॉ. असमांच्या खोलीत त्या, इद्रीस, मुस्तफा, विशाखा आणि एका कडेला प्रभा सिस्टर, कडक इस्त्रीचा युनिफॉर्म घालून, हात मांडीवर घट्ट धरून. डॉ. असमा कमी बोलणाऱ्या बाई. त्यांनी विशाखाचं आधीचं उत्तर वाचून दाखवलं. “मेल वेळेवर पोचली. हे तुमचंच ना?”

“माझंच. आणि ते अपुरं आहे,” विशाखा म्हणाली. “डॉक्टर, तुमच्या इमारतीच्या फाटकावर पहारा देणारा हारीस समजा फक्त तुमच्या धाकट्या भावाला ओळखतो. भाऊ सामान आणून दारात ठेवतो, हारीस त्याला सोडतो. पण सामान आलंय हे सांगायला थोरला भाऊ येतो, त्याला हारीस ओळखत नाही, फाटकातूनच परत पाठवतो. सामान दारात, आणि घरातल्या बाईला पत्ता नाही. तिला आळशी म्हणता येईल का?”

“हारीसला म्हणता येईल?” डॉ. असमांनी मुस्तफाकडे बघितलं.

“नाही. त्याला जेवढी माणसं दाखवली तेवढी त्याने सोडली. थोरल्याची ओळख करून द्यायचं काम माझं होतं.”

तेवढ्यात, कुणी अपेक्षा केली नव्हती, इद्रीस घसा साफ करून म्हणाला, “आमच्या खात्याचं होतं. माझं खातं आहे.” एवढंच म्हणाला आणि पुन्हा खाली बघायला लागला.

डॉ. असमांनी मुस्तफाच्या नोंदीतली त्या दुपारची ओळ स्वतः पाहिली, दोनदा. मग त्या प्रभा सिस्टरकडे वळल्या आणि इंग्रजीत म्हणाल्या, “ताकीद रद्द. मी तुमच्यावर अन्याय केला, सिस्टर.” आणि लगेच विशाखाकडे वळून, “आता मला सांगा, असं पुन्हा होणारच नाही, याची खात्री देता?”

सगळ्यांना वाटलं ती हो म्हणेल. मुस्तफा तर मान हलवायलाही लागला होता.

“नाही,” विशाखा म्हणाली. “घंटेचा निरोप वाटेत हरवू शकतो आणि हरवला तर कुणाला समजत नाही, ती बनवलीच तशी आहे. ज्या रिपोर्टवर कुणाचा जीव अवलंबून आहे, तो लॅबने मेल करावाच, पण फोन करून ऐकणाऱ्याचं नावही विचारावं.”

डॉ. असमा प्रथमच किंचित हसल्या. त्याच आठवड्यात लॅबला तसा हुकूम निघाला. लॅबवाले कुरकुरले, मग रुळले.

प्रभा सिस्टर बाहेर पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभी राहिली. रडली नाही. विशाखाचा दंड धरून म्हणाली, “ताकीद गेली गं. पण तो जिन्यात बसलाय आणि मी इकडं पट्ट्या बांधायले, हे काही डोळ्यांपुढून जाईना.”

“तुम्ही फोन केलात म्हणून तो उठला, ताई.”

“हं,” ती म्हणाली. “चल, त्याला बघून येऊ.”

काशिनाथ वरच्या मजल्यावर वॉर्डात होता, डायलिसिस झालेलं, चेहरा उतरलेला, पण शुद्धीत आणि बडबडा. दोघींना बघून उठून बसायला लागला. “माका काय एक जाला नाय,” तो म्हणाला. “पाय तेवढे गळान गेले होते. डॉक्टर म्हणतत, आता घराक जा.” कंपनी त्याला गावी धाडणार होती, तिथे उपचार कसे होतील याची कुणी हमी देत नव्हतं. प्रभा सिस्टरने खुर्ची ओढली आणि काय खायचं नाही ते त्याला समजावून सांगायला बसली: केळी नाही, शहाळं नाही. देवगडच्या माणसाला नारळाचं पाणी बंद, हे ऐकून काशिनाथने तिच्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की शेजारच्या खाटेवरचा मलबारी माणूसही हसला.

कंत्राटं पुढच्या महिन्यात झाली. तिघांचीही झाली. इद्रीस काही दिवस विशाखाशी कामापुरतंच बोलत होता. मग एकदा मुस्तफाने फायरवॉलमध्ये नवा नियम बसवायला घेतला, तेव्हा त्याने दोघांना आपल्या खोलीत बोलावलं आणि मुस्तफाला म्हणाला, “आधी हिला विचार, घरात एकूण माणसं किती आहेत.” विशाखाने सांगितलं. मग तिने पर्स उचलली आणि रुमैथियाची गाडी सुटायच्या आत खाली पळाली. नियम बसला की तिथल्या पडद्यासमोर तिला स्वतःला बसायचं होतं.